गाडीच्या एसीत 'कंप्रेसर ट्रीटमेंट'ची डबी टाकावी का?

प्रश्न पंचवटीतल्या एका टॅक्सीमालकाचा आहे. सात सीटर डिझेल गाडी, मागच्या सीटसाठी वेगळी कूलिंग कॉइल. त्र्यंबक, वणी, शिर्डी अशी भाडी आणि महिन्यातून चार-पाच वेळा मुंबई. गाडी १ लाख ६० हजार किलोमीटर चाललीय. दोन वर्षांत दोन कंप्रेसर जाम झाले. आता तिसरा बसवायचाय, आणि फिटर म्हणतो की दर वेळी गॅस भरताना तेलाच्या ट्रीटमेंटची एक डबी मारली की आतली झीज थांबते. डबी ९०० रुपयांची. टाकावी का, आणि तिनं खरंच झीज कमी होते का?

भाऊ, उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिले दोन कंप्रेसर कशानं गेले हे कळेपर्यंत डबी टाकू नका. कारण सापडल्यावर तिची गरज बहुतेक उरणार नाही. मी नाशिकला अंबडच्या बाजूला सत्तावीस वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम करतो. एवढ्या वर्षांत उघडलेल्या जाम कंप्रेसरांमध्ये 'तेल चांगलं होतं, जागेवर होतं, मापात होतं, तरीही झिजला' असे फार थोडे निघाले. बहुतेकांना तेल पोचलेलंच नव्हतं. डबीतलं औषध कितीही चांगलं असो, ते पोचणार त्याच वाटेनं.

ही वाट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. इंजिनाला तेलाचा चेंबर असतो, पट्टी ओढून तेल पाहता येतं. एसीच्या कंप्रेसरला पट्टी नाही, आणि बहुतेकांत तेलाचा वेगळा पंपही नाही. तेल गॅसबरोबर फिरतं. कंप्रेसरमधून बाहेर पडतं, गॅसची उष्णता बाहेर सोडणाऱ्या कंडेन्सरमधून जातं, पाणी शोषणारा ड्रायर, दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, हवा गार करणारी कूलिंग कॉइल असा फेरा मारतं आणि सक्शनच्या जाड पाईपनं परत येतं. येताना थंड गॅसबरोबर तेलाचं जे बारीक धुकं आत शिरतं, त्यावरच आतले घासणारे भाग जगतात. थोडं तेल कंप्रेसरच्या पोटात साठून राहतं, काही नव्या कंप्रेसरांत बाहेर जाणारं तेल तिथल्या तिथं वेगळं काढून परत आत सोडायची सोय असते, पण मूळ कारभार फिरत्या तेलावरच. छोट्या गाडीच्या अख्ख्या सिस्टिममध्ये हे तेल साधारण शंभर-सव्वाशे मिली असतं, चहाच्या एका ग्लासाएवढं. तुमच्यासारख्या दोन कॉइलच्या गाडीत त्याहून जास्त.

आता झीज कुठं होते ते बघू. तुमच्या कंप्रेसरमध्ये शाफ्टवर एक तिरकी थाळी असते, तिला आम्ही स्वॅश प्लेट म्हणतो. ती फिरली की पिस्टन पुढंमागं होतात. थाळी आणि पिस्टन यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी अर्ध्या गोळीसारखे स्टीलचे तुकडे बसतात, ते शू. शूची सपाट बाजू थाळीवर घसरते आणि सगळा भार तिथंच येतो. पिस्टन ३२ मिलिमीटरचा आणि हेड प्रेशर, म्हणजे दाबून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब, २५० पीएसआय (दाब मोजायचं माप) धरलं, तर एका पिस्टनवर सुमारे १४० किलोचा जोर येतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर असेल तर पुलीच्या मापाप्रमाणे कंप्रेसर चार हजाराच्या आसपास फिरत असतो, म्हणजे सेकंदाला ६५ हून जास्त फेरे. एवढ्या भाराखाली एवढ्या वेगानं घसरणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये तेलाचा जो थर टिकतो, तो केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ असतो.

हा थर भरलेला असेपर्यंत धातू धातूला लागत नाही आणि झीज नगण्य असते. खरी झीज होते ती तेल अजून आलेलं नसताना, म्हणजे रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत एसी चालू केल्यावर पहिल्या काही सेकंदांत. तशीच ती तेल पातळ पडल्यावर आणि तेल परतच येत नसताना होते. अशा वेळी थाळीवरचा लेप आणि तेलातली रसायनं एवढाच आधार उरतो. थाळीवर तांबेयुक्त किंवा टेफ्लॉन मिसळलेला लेप असतो, पिस्टनवरही टेफ्लॉनचा असतो. तो संपला की खालचं ॲल्युमिनियम किंवा लोखंड उघडं पडतं, आणि तिथून जाम व्हायला फार दिवस लागत नाहीत.

तेलातल्या रसायनांची गोष्ट थोडी जुनी आहे. पूर्वी गाड्यांत आर-१२ गॅस असायचा आणि त्याच्याबरोबर साधं मिनरल तेल चालायचं. आर-१२ मध्ये क्लोरीन होतं. घासणाऱ्या जागी उष्णतेनं ते लोखंडाशी संयोग पावून एक पातळ थर धरायचं आणि तेल कमी पडलं तरी तो थर सांभाळून घ्यायचा. तेच क्लोरीन ओझोनच्या थराला खातं म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो गॅस गेला आणि १९९० च्या दशकात गाड्यांत आर-१३४ए आला. यात क्लोरीन नाही. मिनरल तेल त्यात विरघळत नाही, त्यामुळं कॉइलमध्ये जाऊन बसतं आणि परत येत नाही. म्हणून पीएजी जातीचं कृत्रिम तेल आलं, आणि गॅसनं फुकट दिलेलं संरक्षण तेलात वेगळी रसायनं घालून भरून काढावं लागलं. तुमच्या गाडीसाठी ठरलेल्या तेलात ही झीज रोखणारी रसायनं आधीच असतात. तेल, गॅस, थाळीचा लेप आणि ओ-रिंगचं रबर हे सगळं एकत्र जुळवून तपासलेलं असतं. तेल, गॅस आणि धातूच्या पट्ट्या काचेच्या नळीत सीलबंद करून १७५ अंशांवर दोन-दोन आठवडे ठेवायच्या आणि काय काळं पडतं, काय गंजतं ते बघायचं, अशी चाचणी या तेलांसाठी केली जाते. डबीतलं औषध तुमच्या गाडीतल्या तेलाबरोबर असं तपासलंय का, हा प्रश्न फिटरला जरूर विचारा.

बाजारात ट्रीटमेंट म्हणून जे मिळतं ते सगळं एका जातीचं नाही. एक प्रकार म्हणजे चांगल्या तेलातच झीज रोखणारं फॉस्फेटचं रसायन जरा जास्त घातलेलं. हे तत्त्वानं चुकीचं नाही. लोखंड-स्टीलवर ते थर धरतं आणि कोरड्या सुरुवातीला थोडा आधार देतं. पण ॲल्युमिनियमवर ते तेवढं धरत नाही, आणि गाडीच्या कंप्रेसरमध्ये सिलिंडर आणि पिस्टन ॲल्युमिनियमचेच. शिवाय ही सगळी रसायनं धातूवर जागा धरायला एकमेकांशी झगडतात. मूळ तेलातल्या रसायनांचं प्रमाण बिघडलं की जास्त घातल्याचा फायदा कमी होतो, कधी तोटाही होतो.

दुसरा प्रकार क्लोरीनयुक्त पॅराफिनचा. प्रात्यक्षिकात हा फार जोरदार दिसतो. फिरत्या रिंगवर बेअरिंग दाबून धरतात, साध्या तेलात ते लगेच किंचाळून थांबतं, डबीतले चार थेंब टाकले की मजेत फिरतं. ते खोटं नसतं, क्लोरीन खरोखरच तसं काम करतं. पण ते रिंगेवर, उघड्यावर. एसीच्या बंद सिस्टिममध्ये उष्णता आणि ओलावा असतो. तिथं ते रसायन फुटलं की आम्ल तयार होतं, आणि ते ॲल्युमिनियमच्या कॉइलला आतून खातं. असं औषध मी कुणाच्याही गाडीत टाकत नाही.

तिसरा प्रकार तेल आणि लीक बंद करणारं सीलर एकत्र असलेला. यातलं सीलर हवा आणि ओलावा लागला की घट्ट होतं, आणि ते नेमकं लीकच्या जागीच घट्ट होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, कंप्रेसरच्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये, अगदी गॅस काढायच्या मशीनमध्येही अडकलेलं पाहिलंय.

आता तुमच्याच जातीच्या गाडीची गोष्ट सांगतो, म्हणजे डबीचं काय होतं ते डोळ्यांसमोर येईल. गेल्या उन्हाळ्यात एक सात सीटर आली, दोन कॉइलची. मालकानं तीन उन्हाळे दर वेळी गॅस टॉप-अप आणि एक डबी असा नेम ठेवला होता. कंप्रेसर किरकिरत होता, जाम झालेला नव्हता. उतरवला, उलटा केला, शाफ्ट हातानं फिरवत तेल मापाच्या ग्लासात काढलं. जेमतेम २० मिली निघालं, राखाडी रंगाचं. नवं तेल जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ असतं. टिश्यू पेपरवर एक थेंब सोडला तर मध्ये करडा ठिपका राहिला आणि भोवती तेलाचं वर्तुळ पसरलं. ठिपका बोटांनी चोळला की पीठ चोळल्यासारखं लागत होतं. चुंबक फिरवला, फारसं काही उचललं नाही, म्हणजे ती पावडर ॲल्युमिनियमची.

मग मागच्या कॉइलचे पाईप सोडले आणि कोरडा नायट्रोजन हळूहळू सोडून खाली ग्लास धरला. गडद हिरवट तेल येत राहिलं, येतच राहिलं. ग्लासात ९० मिली भरलं. मालक शेजारीच उभा होता. त्याला म्हटलं, काका, तुमच्या तिन्ही डब्यांचं तेल इथं आहे. गाडीत तेल गरजेपेक्षा जास्त होतं आणि कंप्रेसर मात्र उपाशी.

असं का झालं? त्या गाडीत बारीक लीक होतं आणि गॅस नेहमी कमीच असायचा. गॅस कमी म्हणजे पाईपमधला वेग कमी, आणि वेग कमी झाला की तेलाला पुढं ढकलणारं कुणी उरत नाही. ते सगळ्यात लांबच्या, सगळ्यात खालच्या जागी बसतं. मागच्या कॉइलचे पाईप गाडीच्या पोटाखालून जातात, त्यात पुढं-मागं चढउतार असतात. त्यात बऱ्याच टॅक्सीवाल्यांना सवय असते की मागं प्रवासी नसले की मागचा ब्लोअर बंद. त्या कॉइलमध्ये गॅसचा प्रवाह मंदावतो आणि तिथं गेलेलं तेल तिथंच राहतं. म्हणून माझ्या दोन कॉइलवाल्या गिऱ्हाइकांना मी सांगतो, मागं कुणी नसलं तरी रोज दहा-पंधरा मिनिटं मागचा ब्लोअर पहिल्या नंबरवर चालू ठेवा.

झीज करणाऱ्या सगळ्या कारणांत कमी गॅसवर चालवणं हे मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो, आणि ते पकडलं का जात नाही हेही सांगतो. आपल्याकडे फिटर इंजिन बंद असताना गेज लावतो, ३५ अंशांच्या दुपारी ११५ पीएसआयच्या आसपास दिसतं, आणि तो म्हणतो गॅस आहे. पण सिस्टिममध्ये थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तरी प्रेशर तेवढंच दिसणार. ते प्रेशर तापमानावर ठरतं, किती गॅस उरलाय यावर नाही. घरच्या सिलिंडरचंही तसंच, तो निम्मा झाला म्हणून शेगडीची ज्योत निम्मी होत नाही. लो प्रेशर स्विचही याच कारणानं फसतो, गॅस फारच उडाल्याशिवाय तो क्लच सोडून कंप्रेसर थांबवत नाही. दरम्यान कूलिंग 'थोडं कमी' वाटतं एवढंच, गाडी महिनोन् महिने तशीच धावते, आणि आत थाळीवरचा लेप उडत असतो. येणारा थंड गॅस कंप्रेसरला गारही करत असतो. तो कमी झाला की तापमान चढतं, तेल पातळ होतं आणि थर अजून विरळ होतो. म्हणून टॉप-अप हा शब्दच मला आवडत नाही. होता तो गॅस मशीननं काढायचा, वजन करायचं, लीक शोधायचं, व्हॅक्यूम करायचा, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं वजन ग्रॅममध्ये मोजून भरायचं.

तेलाचाही हिशेब ठेवायलाच हवा. कंडेन्सरला दगड लागून भोक पडलं तर गॅसबरोबर तेलही उडतं, तिथं तेलकट धुळीचा डाग दिसतोच. नुसता गॅस भरला तर तेल कमीच राहतं. उलट दर उन्हाळ्यात ५० मिलीची डबी टाकत गेलं तर तीन वर्षांत १५० मिली जादा. जादा तेल नळ्यांच्या आतून लेप धरतं, कॉइल गार होत नाही, हेड प्रेशर वाढतं. आणि कधी द्रवरूपात घोट कंप्रेसरमध्ये शिरला की रीडच्या, म्हणजे व्हॉल्व्हचं काम करणाऱ्या, पातळ पट्ट्या तुटतात. तेल दाबलं जात नाही, त्यामुळं पट्टीच मोडते. म्हणून जुना कंप्रेसर उतरवला की त्यातलं तेल मोजायचं. नवा कंप्रेसर बहुधा पूर्ण सिस्टिमचं तेल भरूनच येतो. ते काढून मोजायचं आणि कंपनीच्या तक्त्याप्रमाणे तेवढंच परत घालायचं. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि फार थोडे लोक करतात. तुमचे दोन्ही कंप्रेसर बसवताना तेल मोजलं होतं का, हे आठवून पाहा. आठवत नसेल तर मोजलेलं नसणार, कारण ग्लासात तेल मोजताना पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

तेलाचा नंबर हाही तसाच विषय. पीएजी ४६, १०० आणि १५० हे जाडीचे नंबर आहेत. कुठलं घालायचं हे कंप्रेसरवरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. '१५० जाड आहे, गरमीत चांगलं' म्हणून घालणारे भेटतात. जाड तेल परत यायला वेळ लावतं आणि थंड सुरुवातीला कोरडेपणा वाढवतं. आर-१२३४वायएफ गॅसच्या नव्या गाड्यांचं पीएजी वेगळं असतं. तो गॅस आर-१३४ए पेक्षा कमी स्थिर, म्हणून त्याच्या तेलाची रेणूरचनाच वेगळी ठेवलेली असते. डबा दिसायला सारखा असला तरी ते बदलून चालत नाही.

ओलाव्यावर जरा थांबतो, कारण नाशिकमध्ये इथं एक खास घोटाळा होतो. पीएजी हवेतलं पाणी झपाट्यानं ओढून घेतं. जुलैच्या पावसात डबा उघडा ठेवला तर तासाभरात ते तेल मी सिस्टिममध्ये घालणार नाही. म्हणूनच चांगलं तेल पत्र्याच्या सीलबंद डब्यात येतं, प्लास्टिकमधूनही ओल शिरते. पाणी मिसळलं की तेलाचा थर कमजोर होतो, गंज सुरू होतो, आम्ल वाढतं. ड्रायरमधले दाणे पाणी शोषतात, पण त्यांची ताकद काही ग्रॅमांपुरतीच. बाकी पाणी व्हॅक्यूमनंच काढावं लागतं, म्हणजे आतला दाब इतका खाली न्यायचा की पाणी आहे त्या तापमानाला उकळून वाफ व्हावं.

समुद्रसपाटीला व्हॅक्यूम गेज पाऱ्याच्या २९.९ इंचांपर्यंत जाऊ शकतं. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, इथं हवेचा दाबच कमी. चांगल्यातला चांगला पंप असला तरी काटा २८ च्या जवळ थांबतो. मुंबईत काम शिकून आलेला मुलगा हे बघून 'पंप गेला' किंवा 'लीक आहे' म्हणतो. दुसरा त्याच्या उलट, काटा २६ वर आला की 'झालं, नाशिकला एवढंच येतं' म्हणून पंप बंद करतो. आणि हा दुसरा जास्त नुकसान करतो. ३० अंशांना पाणी उकळायला इथं काटा साडेसव्वीसच्याही पुढं जायला हवा, आणि डिसेंबरच्या सकाळी १० अंश असतील तर साडेसत्तावीसच्या पुढं. थंडीत मी आधी इंजिन चालवून हीटर आणि ब्लोअर सोडतो, बॉनेट झाकून आतलं सगळं कोमट करतो, मग पंप लावतो आणि पाऊण तास हलत नाही. वीस मिनिटांत व्हॅक्यूम मारून मोकळं होणाऱ्या ठिकाणी तिसरा कंप्रेसर बसवू नका.

तुमची मुंबईची भाडीही यात आहेत. परत येताना कसाऱ्याचा घाट ट्रकच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये चढता तेव्हा इंजिनाचे फेरे जास्त, कंप्रेसरचेही जास्त, आणि समोरून येणारी हवा जवळजवळ नाही. कंडेन्सर फॅन मंद असेल किंवा जाळीत धूळ बसली असेल तर हेड प्रेशर ३५० पर्यंत चढतं, आणि मघाशी सांगितलेला १४० किलोचा जोर दोनशेच्या जवळ जातो. फॅनचा वेग आणि कंडेन्सर-रेडिएटरमधली फट तपासून घ्या. द्राक्षबागांच्या रस्त्यांवरची माती त्या फटीत बसते, बाहेरून पाणी मारून ती निघत नाही. आणि हिवाळ्यात एसीला तीन-चार महिने हात लावत नसाल तर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. शाफ्टचं सील ओलं राहतं आणि मार्चमधली पहिली सुरुवात कोरडी होत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या कंप्रेसरबद्दल माझा अंदाज. तो पहिल्यानं मारला. कंप्रेसर जाम होताना टेफ्लॉन, ॲल्युमिनियम आणि जळकं तेल यांचा काळा चिखल होतो, आणि तो कंप्रेसरमध्येच थांबत नाही. डिस्चार्ज पाईपमधून थेट कंडेन्सरमध्ये जातो. आजकालच्या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांत आत इतक्या बारीक वाटा असतात की एकदा भरल्या की फ्लशिंगनं साफ होत नाहीत. फ्लशिंगचा द्रव मोकळ्या नळ्यांतून निघून जातो आणि तुंबलेल्या तशाच राहतात. मग नवा कंप्रेसर लावला की तोच चिखल फेरा मारून त्याच्या पोटात येतो आणि पॉलिश पेपरसारखं काम करतो. पेट्रोल किंवा थिनर मारून फ्लशिंग केलं असेल तर आणखी वाईट, कारण ते वळणांत उरतं आणि नव्या तेलाला पातळ करतं. अशा चिखलावर कुठलीही ट्रीटमेंट चालत नाही. तेलात खरखरीत पावडर फिरत असेल तर तेल कितीही निसरडं असो, ती पावडर थाळी घासणारच.

म्हणून तिसऱ्याच्या वेळी कंडेन्सर नवा, ड्रायर नवा, दोन्ही एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे, आणि दोन्ही कॉइल व सगळे पाईप एसीसाठीच्या फ्लशिंगच्या द्रवानं धुऊन कोरड्या नायट्रोजननं पूर्ण सुकवायचे. सक्शनच्या तोंडाला बारीक जाळीचा फिल्टर बसवता आला तर बसवा. खर्च वाढतो, मला माहीत आहे, सीझनमध्ये गाडी दोन दिवस उभी राहते हेही माहीत आहे. पण दोन वर्षांत तुम्ही यापेक्षा जास्त घालवले आहेत.

ट्रीटमेंट मी कधीच वापरत नाही असं नाही. जुनी गाडी, कंप्रेसर थोडा आवाज करणारा पण तेल स्वच्छ, नवा कंप्रेसर बाजारात मिळत नाही, मालकाला एक उन्हाळा काढायचाय, अशा वेळी क्लोरीन आणि सीलर नसलेलं, त्याच जातीच्या तेलात बनवलेलं औषध वापरतो. तेही आधी तेवढंच जुनं तेल काढून, म्हणजे एकूण माप बदलत नाही. आवाज कमी झालेला अनुभवलाय. झीज किती कमी झाली हे मात्र आवाजावरून कळत नाही, ते उघडूनच कळतं, आणि चालता कंप्रेसर कुणी उघडत नाही. माझ्याकडं शाफ्ट सीलच्या लीकसाठी आलेला एक कंप्रेसर उघडला होता, २ लाख किलोमीटर चाललेला, कारखान्यातून आल्यापासून गॅस कधी न उघडलेला, कुठलंही औषध न पाहिलेला. त्याच्या शूच्या सपाट बाजूत मला माझा चष्मा दिसला. एका कंप्रेसरवरून सिद्ध काही होत नाही, पण तो मी अजून टेबलावर ठेवलाय.

एक सूचना ज्यांच्याकडं हायब्रिड किंवा बॅटरीवरची टॅक्सी आहे त्यांच्यासाठी, कारण हल्ली त्याही येतात. तिथं कंप्रेसरची मोटर आत तेल-गॅसमध्येच बुडालेली असते आणि ती शेकडो व्होल्टवर चालते. तिला बहुतेक वेळा पीओई जातीचं, वीज न वाहणारं तेल लागतं. नेहमीचं पीएजी किंवा कुठलीही ट्रीटमेंट थोडी जरी मिसळली तरी इन्सुलेशन घसरतं, गाडी फॉल्ट दाखवून बंद पडते, आणि हात लावणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. त्या गाड्यांना गेजचे पाईप आणि मशीनही वेगळंच वापरायचं.

तुमच्या बाबतीत आत्ता करण्यासारखं पहिलं काम सांगतो. जुना कंप्रेसर भंगारात दिला नसेल तर देऊ नका. त्याच्या पाईप लागणाऱ्या दोन्ही तोंडांना बूच किंवा टेप लावा, उभा धरून आणा, तेल सांडू देऊ नका. काढलेला ड्रायरही बरोबर आणा, तो कापून बघू. तेल किती निघतं, रंग कसा, कुजका-आंबट वास येतो का, चुंबकाला काय चिकटतं आणि थाळीचा लेप एका बाजूनं गेलाय की दोन्ही, हे तुमच्यासमोर बघू. एका बाजूनं गेला असेल तर मी आधी फॅन आणि हेड प्रेशरकडं जाईन. दोन्ही बाजूंनी सारखा गेला असेल तर तेलाच्या वाटेकडं, म्हणजे मागच्या कॉइलकडं. गाडी येताना सकाळीच आणा, इंजिन थंड असताना.